छताला शिंगल्स किती लागतील ते मी स्वतः मोजून काढलं, माझा अनुभव

आमचं घर ओहायोत, कोलंबसच्या थोडं बाहेर. दोन मजली, साधं गेबल रूफ म्हणजे पुढे आणि मागे असे दोन उतार, बाजूला जोडलेलं दोन गाड्यांचं गॅरेज, त्याचं छत खालच्या लेव्हलला, आणि पुढच्या दारावर एक छोटं गेबल. छतावर ओळीने ठोकलेल्या डांबरी पट्ट्या, म्हणजे शिंगल्स, त्यांच्या कडा वळायला लागल्या होत्या, गटरमध्ये, म्हणजे छताच्या कडेच्या पन्हळीत, त्यांच्यावरची काळी खडी साठत होती, म्हणजे छत बदलायची वेळ आली होती हे नक्की. तीन रूफर लोकांकडून कोटेशन्स घेतली. एकाने लिहिलं २६ स्क्वेअर, दुसऱ्याने २३, तिसऱ्याने माप दिलंच नाही, नुसती एक रक्कम आणि खाली सही करायची जागा. आता रकमेत फरक असणार हे मान्य, प्रत्येकाची मजुरी वेगळी, पण छत तेच आहे ना, मग त्याचं माप कसं बदलतं? हा प्रश्न मला काही स्वस्थ बसू देईना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इथे छताचं सगळं काम स्क्वेअरमध्ये चालतं, एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट, आपल्याकडे प्लास्टर-फरशीला ब्रास धरतात तेवढंच. हल्ली बहुतेक घरांवर ज्या जाड, दोन थरांच्या आर्किटेक्चरल शिंगल्स बसवतात त्यांची तीन बंडलं मिळून एक स्क्वेअर होतो. काही कंपन्यांच्या बंडलात थोडा फरक असतो, म्हणून पाकिटावर कव्हरेज किती लिहिलंय ते बघायचंच.

बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, पुण्याला असतात, त्यांना व्हिडिओ कॉलवर तिन्ही कागद दाखवले. मी म्हटलं काउंटीच्या रेकॉर्डला घर साधारण २,१०० स्क्वेअर फूट आहे, त्यावरून काढू का? तर म्हणाले, "अगं घराचं क्षेत्रफळ ठेव बाजूला, त्याचा छताशी काय संबंध? सूर्य बरोब्बर डोक्यावर आहे असं धर आणि छताची सावली जमिनीवर केवढी पडेल ते मोज, मग मला उतार सांग." एवढ्या एका वाक्यात सगळी पद्धत आली खरं तर. माझ्या मावसभावाचं टेक्सासमधलं घरही २,१०० चंच आहे पण एकमजली, त्याचं छत माझ्या छताच्या जवळजवळ दीडपट भरतं, कारण दोन मजल्यांना एकच छत पुरतं आणि एकमजली घर सगळं जमिनीवर पसरलेलं असतं. त्यामुळे कोणी घराचा एरिया विचारून फोनवरच स्क्वेअर सांगत असेल तर तो आकडा धरू नका.

मी छतावर चढले नाही आणि तुम्हीही चढू नका, गरजच नाही. घराच्या बाहेरून टेपने भिंती मोजल्या. आमच्या काउंटी ऑडिटरच्या साईटवर प्रत्येक घराचं मापांसकट स्केच असतं, त्याच्याशी ताडून बघितलं. मग ओव्हरहँग, म्हणजे छत भिंतीच्या बाहेर किती येतं ते, आमच्याकडे सगळीकडे एक फूट. हा एक फूट फार लोक सोडून देतात आणि तिथेच माप कमी पडतं. मुख्य घर ४० बाय २६, ओव्हरहँग धरून ४२ बाय २८, म्हणजे १,१७६. गॅरेज २२ बाय २४, त्याची एक बाजू घराच्या भिंतीला चिकटलेली म्हणून तिकडे ओव्हरहँग नाही, २३ बाय २६ झाले ५९८. दारावरचं गेबल १४ फूट रुंद आणि मुख्य छताच्या कडेपासून ४ फूट पुढे आलेलं, ते ५६. एकूण सावली १,८३० चौरस फूट.

दारावरच्या गेबलचं मला आधी कोडं होतं, कारण त्याचं छत मागे जाऊन मुख्य छतावर चढतं, मग तो चढलेला भाग वेगळा धरायचा का? बाबांनी कागदावर काढून दाखवलं, दोन्हींचा उतार सारखा असेल तर नाही. खालचा जेवढा भाग झाकला जातो बरोबर तेवढंच वरचं छत असतं, म्हणून फक्त बाहेर आलेला तुकडा मोजायचा. उतार वेगळे असतील तर मात्र प्रत्येक भाग सुटा काढावा लागतो.

आता उतार. याला इथे पिच म्हणतात आणि तो १२ इंचाला किती इंच चढतो असा सांगतात. मी अॅटिकमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्यावर गेले, फक्त लाकडी जॉइस्टवर (सीलिंगच्या आडव्या तुळयांवर) पाय ठेवून, मधल्या इन्सुलेशनवर पाय दिला तर खालचं सीलिंग फुटतं. स्पिरिट लेव्हलवर १२ इंचाला खूण केली, लेव्हलचं एक टोक राफ्टरच्या (छताच्या तिरक्या वाशाच्या) खालच्या कडेला टेकवून बुडबुडा मधोमध आणला आणि खुणेपासून सरळ वर राफ्टरपर्यंत मोजलं, ६ इंच भरलं. म्हणजे ६/१२. मग शाळेतला पायथागोरस, १२ चा वर्ग अधिक ६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, भागिले १२, आलं १.११८. सावलीच्या एरियाला या आकड्याने गुणलं की खरं छत मिळतं. ४/१२ असेल तर १.०५४, ८/१२ ला १.२०२, १२/१२ ला १.४१४. आमचं झालं १,८३० गुणिले १.११८, म्हणजे २,०४६ चौरस फूट, साडेवीस स्क्वेअर.

साडेवीस! आणि कागदावर २३ आणि २६. यात वेस्ट येतो, म्हणजे कडांना कापताना वाया जाणारा माल. साध्या गेबलला १० टक्के धरतात, हिप रूफ (चारही बाजूंना उतार) किंवा खूप व्हॅली, म्हणजे दोन उतार मिळून होणाऱ्या पन्हळी, असतील तर १५ पर्यंत, अगदी तुकड्या-तुकड्यांचं छत असेल तर त्याहूनही जास्त. साडेवीसवर १० टक्के म्हणजे साडेबावीस, बंडलात ६८. म्हणून २३ वाल्याचं बरोबर बसलं. २६ वाल्याला फोन करून विचारलं की हा आकडा कसा आला ते समजावून सांगाल का, तर त्याने १५ टक्के वेस्ट धरला होता, साडेतेवीस, आणि वर स्टार्टरची (कडेला सगळ्यात खाली लागणाऱ्या पहिल्या पट्टीची) ३ बंडलं आणि रिज कॅपची (आढं झाकणाऱ्या शिंगल्सची) ४ बंडलं, ही सातही स्क्वेअरमध्ये मिळवून २६ केले होते. ठीक आहे, एक वेळ चालेल, पण त्याच कोटेशनमध्ये खाली स्टार्टर आणि रिज कॅप वेगळ्या ओळीत पैसे लावून परत लिहिलेच होते. म्हणजे एकच माल दोनदा. त्याचं म्हणणं सॉफ्टवेअर असंच काढतं. असेल, पण पैसे सॉफ्टवेअर नाही देत, आपण देतो, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा की हे स्क्वेअर वेस्ट धरून आहेत की मोजलेले, आणि स्टार्टर-कॅप त्यात आहे की बाहेर.

शिंगल्सचं कळल्यावर मला वाटलं संपलं, पण खरा फरक बाकीच्या मालात होता आणि तिकडे कोणी बघतच नाही. बाकीचा माल एरियावर नाही, लांबीवर निघतो. म्हणून लांब्या काढल्या. खालच्या कडा, जिथे गटर असतं त्या, १२४ फूट. तिरक्या कडा १०७. स्टार्टर आणि ड्रिप एज (कडेला लावायची पत्र्याची पट्टी) दोन्ही या सगळ्या कडांना लागतं, २३१ फूट. ड्रिप एज १० फुटी येतो, ओव्हरलॅप आणि तुकडे धरून २६ नग. आढं, म्हणजे रिज, मुख्य ४२, गॅरेज २३, दारावरचं ११, मिळून ७६ फूट, कॅपच्या एका बंडलात २५ फूट होत होते म्हणून ४.

आणि आता आइस अँड वॉटर शील्ड. बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी हे नीट वाचा. थंडीत घराच्या उबेने वरचा बर्फ वितळतो, पाणी खाली कडेपर्यंत येतं आणि तिथे छत थंड असल्यामुळे परत गोठतं, त्या बर्फाच्या बांधामागे पाणी तुंबतं आणि शिंगल्सच्या खालून उलटं घरात शिरतं. त्यासाठी कडेला हा चिकटणारा थर असतो आणि बिल्डिंग कोडप्रमाणे, म्हणजे बांधकामाच्या नियमांप्रमाणे, तो बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या किमान २४ इंच आत गेला पाहिजे. आमचा ओव्हरहँग १२ इंच, म्हणजे आडवे ३६, पण छत तिरकं आहे, ३६ गुणिले १.११८, आले ४० इंच. रोल ३६ इंच रुंद असतो! म्हणजे एक पट्टा पुरतच नाही, दोन लावावे लागतात. १२४ च्या दुप्पट २४८, अधिक दोन व्हॅलीचे मिळून २१, झाले २६९ फूट, एक रोल साधारण ६५ फुटांचा, ५ रोल. २३ वाल्याच्या कोटेशनमध्ये २ होते. दोन रोलमध्ये जेमतेम एक पट्टा होतो आणि व्हॅलीला काहीच उरत नाही. हे काम झाल्यावर शिंगल्सखाली कायमचं झाकलं जातं, कोणाला दिसत नाही, पाणी आल्यावरच कळतं, म्हणून मला याचं सगळ्यात जास्त वाटतं.

दुसरं, गॅरेजचं छत जिथे घराच्या भिंतीला भिडतं तिथे पत्र्याचे वाकवलेले तुकडे बसवतात, स्टेप फ्लॅशिंग. शिंगलच्या प्रत्येक ओळीला एक तुकडा. २९ फूट लांबी, ओळ ५ पूर्णांक ५/८ इंचाची, म्हणजे साठेक नग. हे तिन्ही कोटेशन्समध्ये नव्हतं, जुनंच वापरणार होते. जुनं काढताना वाकतं आणि नवीन शिंगल्सच्या ओळींशी जुळतंच असं नाही.

शिंगल्सखाली अंथरायचं सिंथेटिक अंडरलेमेंट १० स्क्वेअरच्या रोलमध्ये येतं, शील्डचा भाग वजा करून २ पुरतात. खिळे एका शिंगलला ४, वाऱ्याच्या भागात ६, एवढं करारात लिहून घेतलं. आणि खालच्या लाकडी शीट्स कुजलेल्या निघाल्या तर एका शीटचा, म्हणजे ३२ चौरस फुटांचा दर आधीच ठरवून घ्या, छत उघडं पडल्यावर घासाघीस करता येत नाही.

हे सगळं एका पानावर लिहून २३ वाल्याला पाठवलं. त्याने वाद घातला नाही, शील्डचे ५ रोल केले, स्टेप फ्लॅशिंग नवीन धरलं, रक्कम थोडी वाढली आणि आम्ही त्यालाच काम दिलं. ज्याने नुसती रक्कम लिहिली होती आणि जो तिचा तपशील द्यायला तयार नव्हता त्याला नाही म्हणून कळवलं. माल आला त्या दिवशी मी बंडलं मोजून घेतली, एकेक ६५-७० पौंडांचं, सगळं मिळून दोन टनांच्या वर, ते एका जागी न रचता आढ्यावर पसरून ठेवायला सांगितलं. न उघडलेली बंडलं परत जातात, फक्त एक दुरुस्तीसाठी ठेवून घेतलं कारण पुढे त्याच लॉटचा रंग मिळत नाही.

मंडळातल्या एका मित्राचं हिप रूफ आहे, चारही बाजूंना उतार, त्याने माझा कागद मागून घेतला. त्याला सांगितलं की ४२ बाय २८ च्या घराला त्याच उताराचं हिप केलं तरी एरिया तेवढाच राहतो, १,३१५, पण कॅप बघ, गेबलला ४२ फूट पुरते आणि हिपला १४ फुटांचं आढं अधिक चार कोपरे प्रत्येकी २१ फुटांचे, म्हणजे ९८ लागते. आणि तिरक्या कडा नाहीतच, चारही बाजू गटरच्या, म्हणून शील्ड ८४ फुटांऐवजी १४० फुटांना लावावं लागतं, तेही दोन पट्टे. त्याच्या कोटेशनमध्ये वेस्ट १० टक्के आणि शील्ड ३ रोल आहे, ते आता तो विचारणार आहे.