एका किल्लीतल्या तीन किल्ल्या : दुरुस्ती आणि जोडकिल्लीची नोंद

१४ जून

आमची गाडी २०१३ सालची आहे. सहा वर्षांपूर्वी ती वापरलेली घेतली, तेव्हा आधीच्या मालकांनी एकच किल्ली हातात ठेवली आणि दुसरी सापडली की आणून देतो असे सांगितले. ती आजवर सापडलेली नाही. दरम्यान या एकुलत्या किल्लीच्या रबरी बटणांना भोके पडली, घडीच्या पात्याची पिन सैल झाली आणि पाऊस सुरू झाल्यापासून दरवाजा उघडण्याचे बटण चार वेळा दाबले की एकदा लागू लागले. सेवा केंद्राने नवीन संचाचा पाच आकडी खर्च सांगितला, म्हणून आधी ही किल्ली घरी दुरुस्त करायची आणि मग तिला जोड करून घ्यायची, असे ठरवले.

हत्यार हाती घेण्यापूर्वी नेमके काय बिघडले आहे ते ठरवावे लागते, कारण अशा किल्लीत प्रत्यक्षात तीन किल्ल्या असतात. पाते कुलूप फिरवते, डोक्यातली ट्रान्सपाँडर चिप इंजिनाला परवानगी मिळवून देते आणि रिमोट दरवाजे उघडतो. पाते झिजले तर किल्ली अडकत अडकत फिरते. चिप गेली तर सेल्फ फिरतो, पण इंजिन लागत नाही किंवा लागून लगेच बंद पडते आणि मीटरवर किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो. रिमोट गेला तर दरवाजा हाताने उघडावा लागतो, पण गाडी विनातक्रार सुरू होते. आमची गाडी सुरू होत होती, म्हणजे दोष रिमोटचा होता आणि पाच आकडी खर्चाचे कारणच नव्हते.

१५ जून

आतला सेल सीआर २०३२ जातीचा निघाला. या आकड्यातच त्याचे माप लिहिलेले असते : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ जातीचा सेल त्याच घरात बसतो, पण पातळ असल्यामुळे त्याचा स्पर्श सुटत राहतो. नुसता मोजला तर सेलचा दाब २.९ व्होल्ट भरला, मात्र बटण दाबून धरल्यावर तो २.४ पर्यंत उतरला. सेलची परीक्षा अशी भाराखालीच करावी. तरीही नवा सेल घालून बटणाची रड कायम राहिली. भिंगाखाली पाहिले, तेव्हा उघडण्याच्या स्विचच्या पायांशी हिरवट बुरशीसारखा गंज दिसला, म्हणजे फाटक्या रबरातून गेलेले पावसाचे पाणी तिथेच साचत होते. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला, तापकीर गल्लीतून आणलेला चार पायांचा स्विच बसवला आणि कथलाचे डाग भरपूर फ्लक्स (कथील नीट पसरवणारा लेप) लावून दिले, कारण इतक्या जुन्या बोर्डावरचे तांबे जास्त उष्णतेने कागदासारखे सुटून येते. नंतर लॅपटॉपला जोडलेल्या स्वस्तातल्या रेडिओ रिसीव्हरवर ४३३.९२ मेगाहर्ट्झ लावून बटण दाबले आणि प्रत्येक दाबाला पडद्यावर एक ठळक रेघ उमटलेली पाहून फार समाधान वाटले.

२१ जून

आजची चूक सविस्तर लिहितो, कारण कवच बदलणारे बहुतेक जण ती एकदा तरी करतात. नवे कवच आणले, त्यात बोर्ड, सेल आणि पाते हलवले, जुने कवच कचऱ्यात टाकले आणि खाली गेलो. दरवाजे पहिल्या दाबाला उघडले. सेल्फ मारला, इंजिन लागले आणि दोन सेकंदांत बंद पडले. किल्लीचा दिवा लुकलुकू लागला. अर्धा तास माझ्याच डागांवर संशय घेऊन झाल्यावर नाक्यावरच्या किल्लीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी कवच उघडले, आत बोट फिरवले आणि विचारले, “साहेब, बोर्ड आणलात, पाते आणलेत, चिप कुठे ठेवलीत?”

चिप जुन्या कवचाच्या एका खाचेत डिंकाने चिकटवलेली होती आणि ते कवच सुक्या कचऱ्याच्या डब्यात होते. सुदैवाने घंटागाडी सकाळीच येऊन गेली होती, त्यामुळे डबा तळापर्यंत उपसल्यावर ते सापडले. सुमारे १२ मिलिमीटर लांबीचा, एका टोकाला निमुळता काळा तुकडा. त्यावर ना तार ना सेल, त्यामुळे तो प्लास्टिकचाच भाग वाटतो. काही गाड्यांत हीच चिप रिमोटच्या बोर्डावर असते आणि हा प्रश्न येत नाही, पण तसे गृहीत धरू नये.

तिला सेल लागत नाही, कारण इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते आणि त्याच्या १२५ किलोहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रातूनच तिला वीज मिळते. गाडी दर वेळी नवा आकडा पाठवते आणि चिप आपल्या गुप्त कळीने, म्हणजे आत साठवलेल्या गुप्त आकड्याने, त्याचे उत्तर काढून परत पाठवते. काकांच्या यंत्राने आमची चिप ४६ क्रमांकाची, म्हणजे हिटॅग-२ पद्धतीची, असल्याचे दाखवले. तिची गुप्त कळ ४८ बिटांची असते आणि २०१२ साली संशोधकांनी ती काही मिनिटांत शोधता येते हे जाहीरपणे दाखवून दिले. त्याआधी २००५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ४० बिटांच्या चिपची तीच गत झाली होती. तरीही चिपवर चालणारे हे इंजिनाचे कुलूप (इमोबिलायझर) निरुपयोगी म्हणता येणार नाही, कारण तारा जोडून गाडी सुरू करण्याचा जुना प्रकार त्याने बंद पाडला. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे केले ते त्यासाठीच.

२८ जून

ताईची गाडी बटण दाबून सुरू होते आणि किल्लीतला सेल संपल्यामुळे ताई वाहनतळावर अडकली. किल्ली थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून धर, असे तिला फोनवर सांगितले आणि गाडी सुरू झाली. सेल संपला तरी आतली चिप शिल्लक असतेच. या किल्ल्यांचा खरा दुबळेपणा वेगळा आहे. किल्ली जवळ आहे का हे विचारणारी गाडीची मंद रेडिओ हाक एखाद्या उपकरणाने घरातल्या किल्लीपर्यंत पोहोचवली की किल्ली प्रामाणिकपणे उत्तर देते, आणि झुरिकच्या संशोधकांनी २०११ साली ८ कंपन्यांच्या १० गाड्यांवर हे करून दाखवले होते. ताईची किल्ली स्टीलच्या डब्यात ठेवून गाडीशेजारी उभे राहिलो. झाकण घट्ट असेपर्यंत गाडीने ओळख दिली नाही, उघडताच दिली. आता तो डबा तिच्या दारापाशीच असतो.

५ जुलै

जोडकिल्लीसाठी जुन्या बाजारातून जुना रिमोट आणला होता, पण त्यातली चिप आधीच्या गाडीशी बांधलेली निघाली आणि आमच्या गाडीने ती नाकारली. न्यू जर्सीहून येणारा भाचा हुबेहूब दिसणारा रिमोट आणणार होता, त्यालाही थांबवले, कारण तिकडचे बहुतेक रिमोट ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि आपली गाडी ४३३ वर ऐकते. अखेर कोरी चिप असलेला नवा रिमोटच घेतला.

पाते कापताना काकांनी जुन्यावरून सरळ नक्कल काढायला नकार दिला. झिजलेल्या किल्लीची नक्कल म्हणजे झिजेचीही नक्कल, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी प्रत्येक खाचेची खोली मोजली, ती कारखान्याच्या ठरावीक मापांपैकी जवळच्या मापावर आणली आणि त्या आकड्यांवरून पाते कापले. परिणामी नवी किल्ली आमच्या कुलपात जुनीपेक्षा हलकी फिरते.

१२ जुलै

आज गाडीला किल्ल्या शिकवल्या. मधेच वीज कमी पडून काम अर्धवट राहू नये म्हणून बॅटरीला चार्जर लावून ठेवला, स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाशी बोलण्याच्या जोडणीला) यंत्र जोडले आणि गाडीची कागदपत्रे दाखवून मिळवलेला सुरक्षा पिन घातला. शिकवणी सुरू केली की आमच्या गाडीत आधीच्या सर्व किल्ल्या पुसल्या जातात, म्हणून जुनी आणि नवी दोन्ही हाताशी ठेवून एकामागून एक इग्निशनमध्ये फिरवल्या. गाडी दोन्हींवर लागली, पण नव्या किल्लीची बटणे मुकीच राहिली, कारण रिमोटची शिकवणी चिपपेक्षा निराळी असते. ती वेगळी केल्यावर दरवाजेही बोलू लागले.

सुरुवातीला यंत्राने नोंदलेल्या किल्ल्यांची संख्या २ दाखवली होती, म्हणजे सहा वर्षांपूर्वी हरवलेली किल्ली इतके दिवस आमच्या गाडीच्या लेखी जिवंत होती. आता पुन्हा संख्या २ च आहे, पण त्या दोन्ही आमच्याकडे आहेत. जुन्या मालकांना त्यांची किल्ली कधी सापडलीच, तर तिच्याने दरवाजा उघडेल. इंजिन लागणार नाही.