मापात पाप

रसायनशास्त्राची माझी सुरुवात गुडघे टेकून झाली. भक्तिभावाचा त्यात काही संबंध नव्हता. टेबलावर काचेचं मापनपात्र होतं, त्यात पाणी होतं, आणि सरांची सक्त ताकीद होती की पात्र डोळ्यांपाशी न्यायचं नाही, डोळे पात्रापाशी न्यायचे. हातातलं पात्र कलतं, टेबल कलत नाही. वरून वाकून पाहिलं की पाणी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, खालून पाहिलं की कमी. म्हणजे पाणी तेच, पात्र तेच आणि आकडा ठरणार बघणाऱ्याच्या मानेवर! शास्त्र म्हणजे माणसाच्या मर्जीपलीकडचं काहीतरी असतं, अशी माझी समजूत होती. तिला पहिल्याच तासाला तडा गेला.

त्यात पाण्याचा पृष्ठभाग सपाटही नसतो. पाण्याची काचेशी सलगी फार, त्यामुळे कडेला ते वर चढतं आणि मध्ये खोलगट होतं. वाचायचा तो खोलगट भागाचा तळ. पाऱ्याचं उलटं. त्याला काचेपेक्षा स्वतःचाच लळा जास्त, म्हणून तो मध्ये फुगतो आणि मग फुगवट्याचा माथा वाचावा लागतो.

तळ नेमका पंचविसाच्या रेघेवर होता. मी वहीत लिहिलं, २५ मिलिलिटर. सरांनी लाल पेनानं पुढे एक टिंब आणि एक शून्य काढलं. २५.०.

"शून्यानं काय फरक पडतो, सर?"

"तू नीट बघितलंस की नाही, ते कळतं."

तेव्हा मला हा तिरकसपणा वाटला होता. पण खरोखरच तेवढाच अर्थ असतो त्याचा. नुसतं २५ म्हणजे साडेचोवीस ते साडेपंचविसाच्या मध्ये कुठेतरी. २५.० म्हणजे दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेचे मनातल्या मनात दहा भाग पाडले आणि त्यातल्या एकावर बोट ठेवलं. पात्रावर रेघा मिलिलिटरच्याच होत्या, टिंबापुढचा आकडा काचेवर कुठेच छापलेला नव्हता. तो माझ्या डोळ्यांनी केलेला अंदाज होता. आणि गंमत अशी, की तो अंदाज लिहायलाच हवा. न लिहिणं ही नम्रता धरली जात नाही, कामचुकारपणा धरला जातो.

मग त्याच पाण्यात धातूचा एक तुकडा सोडायचा होता. पाणी ३४.२ वर चढलं, म्हणजे तुकड्याचं आकारमान ९.२ मिलिलिटर. तराजूवर तो २४.६ ग्रॅम भरला होता. भागाकार केला आणि कॅल्क्युलेटरनं दाखवलं ते जसंच्या तसं उतरवलं : घनता २.६७३९१३०४३ ग्रॅम प्रति मिलिलिटर. नऊ आकडे टिंबापुढे! मी खूश होते. सरांनी २.७ ठेवून बाकी शेपटावर रेघ मारली.

"हे कुठून आलं?"

"कॅल्क्युलेटरमधून."

"तुकड्याला विचारलं होतंस?"

तुकडा ॲल्युमिनियमचा होता आणि ॲल्युमिनियमची घनता २.७० आहे. दोनच आकड्यांत मी बरोबर होते, दहा आकड्यांत सपशेल चूक. ९.२ मध्ये दोन सार्थ अंक, म्हणजे खरोखर मोजून आलेले अंक, त्यातला दुसरा आधीच अंदाजाचा. त्याच्या खांद्यावर आणखी आठ आकडे बसवायचे म्हणजे न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगण्यासारखंच. "मापात पाप" म्हणताना आपल्या मनात नेहमी कमी भरणारा माणूस असतो. जास्तीचे आकडे भरणाराही त्याच रांगेत उभा राहतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आपली भाषा या बाबतीत मोठी उदार. तसूभरही मागे हटणार नाही असं ठणकावणाऱ्याला तसू म्हणजे केवढा, असं कोणी विचारत नाही. रत्तीभर, कणभर, ओंजळभर ही सगळी मापं आहेत आणि कुणालाच मोजायला लावत नाहीत. मला ती फार आवडतात. फक्त प्रयोगवहीत चालत नाहीत.

पाठ्यपुस्तकातली व्याख्या आठवते? जागा व्यापतं आणि ज्याला वस्तुमान असतं ते द्रव्य. पाठ करताना व्याख्येचे दोन्ही भाग सारखेच भरवशाचे वाटायचे. तसे ते नाहीत. ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर अल्कोहोल एकत्र ओता, १०० होत नाही, ९६-९७ च्या आसपास भरतं. चमचाभर काहीच सांडलेलं नसतं. दोन्हींचे रेणू एकमेकांत अधिक दाटीवाटीनं बसतात, एवढंच. तापवलं तर पुन्हा फुगतं. आकारमानाची प्रकृती अशी तोळामासा. वस्तुमान मात्र दिल्या शब्दाला जागतं : ओतण्याआधी दोन्ही मिळून जेवढे ग्रॅम, तेवढेच नंतर. म्हणून रसायनशास्त्राचा जीव तराजूत. रसायनाचे रेणू मोजायचे झाले तरी ते तराजूवरच मोजतात. १८ ग्रॅम पाणी, म्हणजे जेमतेम घोटभर, घेतलं की त्यात एक मोल रेणू आले. एक मोल म्हणजे ६०२२१४०७६ आणि त्यापुढे १५ शून्यं. ही शून्यं मात्र अंदाजाची नाहीत, २०१९ पासून ती ठरवून दिलेली आहेत.

त्याच वर्षी किलोग्रॅमचीही सुटका झाली. त्याआधी किलोग्रॅम ही एक वस्तू होती. पॅरिसजवळ सेव्हर् इथं, प्लॅटिनम आणि इरिडियमच्या मिश्रधातूचा, जेमतेम ३९ मिलिमीटर उंच आणि तेवढ्याच रुंदीचा दंडगोल. १८८९ पासून तो घंटेच्या आकाराच्या काचेच्या झाकणांखाली, तिजोरीत, आणि तिजोरी उघडायला तीन वेगवेगळ्या माणसांकडच्या तीन किल्ल्या. त्याच्यासोबत घडवलेल्या जुळ्या भावंडांशी शंभरेक वर्षांनी त्याची तुलना केली तेव्हा ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास तफावत निघाली. तो झिजला की भावंडं जड झाली? प्रश्नच चुकीचा. किलोग्रॅमची व्याख्याच तो होता, त्यामुळे त्याचं चुकणं शक्यच नव्हतं. कायद्यानं बघायचं तर तो तसाच राहिला आणि बाकीचं विश्व जड झालं. ७० किलोच्या माणसाचं वजन त्यात साडेतीन मिलिग्रॅमनं वाढलं. माझ्या वाढलेल्या वजनाची अशी सरकारमान्य सबब यापूर्वी मला कोणी दिली नव्हती. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या आकड्यावर, बांधला गेला आणि ही सबब हातची गेली.

शेवटच्या अंकांकडे बघणारी माणसं मला नंतर पुस्तकांत भेटत गेली. त्यातले इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले माझे लाडके. १८९० नंतरच्या काही वर्षांत ते नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे सगळं काढून घेतल्यावर उरलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरत होता. अमोनियासारख्या संयुगापासून बनवलेला १.२५०५. फरक अर्ध्या टक्क्याचा. मी असते तर "येतोच असा फरक" म्हणून सरासरी काढली असती आणि चहाला उठले असते. रॅलेंनी आधी आपल्याच हाताची झडती घेतली. फरक जाईना. मग 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत पत्र लिहून सरळ विचारलं, कुणाला याचं कारण सुचतंय का? आकडा चार अंकांपर्यंत भरवशाचा होता म्हणूनच हे विचारता आलं. त्यांनी १.२५ आणि १.२६ एवढंच मोजलं असतं तर विचारण्यासारखं काही उरलंच नसतं.

रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से या शोधात सामील झाले. हवेतला नायट्रोजन त्यांनी तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा फिरवला. मॅग्नेशियम नायट्रोजन गिळत गेलं आणि मागे एक वायू उरला, जो कशाशीच संयोग पावत नव्हता. १८९४ मध्ये तो जगासमोर आला. हवेत तो जवळपास एक टक्का आहे, आपण प्रत्येक श्वासाला तो आत घेतो आणि जसाच्या तसा परत करतो. ग्रीकमधल्या 'आळशी' या अर्थाच्या शब्दावरून त्याचं नाव ठेवलं, आर्गॉन.

पण तो पहिल्यांदा दिसला होता १७८५ मध्ये. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञानं हवेत ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणग्या पाडल्या, नायट्रोजन संपवत आणला, तरी एक बारीकसा बुडबुडा जाईना. तो काय आहे हे त्याला कळलं नाही. तो पुसूनही टाकला नाही त्यानं. नोंद केली : एकूण नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून अधिक नाही. त्या एका ओळीत आर्गॉन एकशे नऊ वर्षं बसून होता, स्वभावाप्रमाणे, कुणाशी काही न बोलता.