फोन नंबर बदलायला लागलेला एक दिवस

ग्राहकाचा निरोप दोन ओळींचा होता. संकेतस्थळाच्या तळाशी असलेला दूरध्वनी क्रमांक बदलला आहे, तेवढा संध्याकाळपर्यंत दुरुस्त करावा. काम पाच मिनिटांचे म्हणून माझ्याकडे आले. ज्या सहकाऱ्याने ते संकेतस्थळ बांधले आणि पुढे सांभाळले, तो आदल्याच आठवड्यात नोकरी सोडून गेला होता. कोड गिटवर, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या भांडारात होता, त्यामुळे कोणालाच चिंता वाटली नाही.

मी कोड नव्या लॅपटॉपवर उतरवला आणि प्रकल्पाला लागणारी तयार पॅकेजे आणून बसवणारी ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही आज्ञा चालवली, तेव्हा पडदा लाल अक्षरांनी भरला. प्रकल्पात सास भाषेतल्या फायलींचे सीएसएस करून देणाऱ्या नोड-सास या पॅकेजची चौथी आवृत्ती होती. हे पॅकेज सी++ मध्ये लिहिलेल्या लिबसासवर उभे असल्यामुळे त्याला नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी वेगळी तयार बायनरी, म्हणजे यंत्राला थेट चालवता येणारी फाइल, लागते. माझ्या यंत्रावर नोड १८ होते आणि त्यासाठी अशी बायनरी नव्हतीच, म्हणून ते जागच्या जागी कंपाइल होऊ पाहत होते आणि त्यासाठी पायथन २ मागत होते. ज्या पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली, ते नव्या लॅपटॉपवर कुठून असणार?

शेजारच्या सहकारिणीने सुचवले, “नोड-सास काढून साधे सास टाकून बघ ना, तेवढ्याने होऊन जाईल.” तसे करून पाहिले. पॅकेजे बसली, पण बिल्ड, म्हणजे कोडमधून सर्व्हरवर ठेवायच्या फायली बनवण्याचे काम, सुरू होताच ते करणाऱ्या वेबपॅकने ‘डिजिटल एन्व्हलप रूटीन्स, अनसपोर्टेड’ असे म्हणून मान टाकली. हे दुखणे मात्र ओळखीचे होते. वेबपॅक ४ फायलींचे हॅश (मजकुरावरून निघणारी छोटी ओळखखूण) काढण्यासाठी मुळात एमडी४ ही जुनी पद्धत वापरते, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या नोड १७ पासून नोडसोबत ओपनएसएसएल ही सुरक्षेची लायब्ररी तिसऱ्या आवृत्तीत येऊ लागली, ज्यात एमडी४ अडगळीत टाकलेले आहे. यावरचा सर्वत्र सांगितला जाणारा उपाय म्हणजे एक पर्याय देऊन ती अडगळ पुन्हा उघडायची. बिल्ड त्याने चालले असतेही. परंतु एका फोन नंबरापायी आम्ही एक पॅकेज आधीच बदलले होते, आता सुरक्षेच्या लायब्ररीला मागे ढकलणार होतो, आणि एवढे करून मूळ संकेतस्थळ नेमके कशावर बांधले गेले होते हे आम्हांला माहीतच नव्हते. मी सगळे बदल मागे घेतले.

आवृत्त्या जिथे नेमक्या नोंदलेल्या असतात ती ‘पॅकेज-लॉक’ फाइल शोधली, तर ती गिटमध्ये नव्हती. ‘गिटइग्नोर’मध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फायलींच्या यादीत, तिचे नाव रीतसर लिहिलेले होते. (दोघे एकाच वेळी काम करू लागले की या फाइलवर वारंवार संघर्ष होतात, आणि कंटाळून कोणीतरी तिला बाहेरचा रस्ता दाखवतो. हा प्रकार मी इतरत्रही पाहिला आहे.) ‘पॅकेज’ फाइलमध्ये आवृत्त्यांचे आकडे होते, पण प्रत्येकाआधी कॅरटचे (^) चिन्ह होते, म्हणजे ‘ही किंवा हिच्यापुढची, मोठी आवृत्ती तीच असलेली कोणतीही’. त्यावरून दोन वर्षांपूर्वीची स्थिती काढता येत नाही.

उरला एकच साक्षीदार, तो म्हणजे गेलेल्या सहकाऱ्याचा लॅपटॉप. मी हार्डवेअर विभागात धावलो. तो टेबलावर फॉरमॅटच्या रांगेत, वरून दुसरा होता. तिथल्या काकांनी माझा चेहरा पाहून विचारले, “काय रे, काही राहिलं का त्यात?” मी म्हटले, “काका, आजचा दिवस थांबा.” त्यांनी तो बाजूला काढून दिला.

त्या यंत्रावर नोड १४ निघाले. बसवलेली पॅकेजे ज्यात असतात तो ‘नोड मॉड्यूल्स’ हा फोल्डर शाबूत होता. आधी त्याची प्रत घेतली, मग ‘गिटइग्नोर’मधली ती ओळ काढून तिथेच पुन्हा ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवले, तेव्हा जे प्रत्यक्ष बसलेले होते त्याचीच नोंद असलेली लॉक फाइल तयार झाली. ती गिटमध्ये टाकली, माझ्या लॅपटॉपवर नोडच्या आवृत्त्या बदलून देणाऱ्या एनव्हीएमने नोड १४ आणले, आणि ‘एनपीएम सीआय’ चालवले, जे लॉक फाइलबाहेर पाऊल टाकत नाही. नंबर मुद्दाम तसाच ठेवून पहिले बिल्ड घेतले. या प्रकल्पात वेबपॅक फाइलच्या नावात तिच्या मजकुराचा हॅश जोडत होते. माझ्या बिल्डमधल्या मुख्य सीएसएस आणि जावास्क्रिप्ट फायलींची नावे सर्व्हरवरच्या नावांशी अक्षर न् अक्षर जुळली. सकाळी ज्या एमडी४ ने अडवले होते, त्यानेच दुपारी आम्हांला खात्री दिली. त्यानंतर नंबर बदलला, तेव्हा एकाच फाइलचे नाव पालटले.

इथे थांबता आले असते, पण पुढचे बिल्ड पुन्हा कोणाच्या तरी टेबलावर अवलंबून राहू नये म्हणून ते गिटहब अॅक्शन्स या, गिटहबच्या सर्व्हरवर आपोआप बिल्ड करणाऱ्या सेवेवर चढवले, तर तिथे ते पहिल्याच फटक्यात पडले. कोडमध्ये ‘फूटर’ची (पानाच्या तळाच्या भागाची) आयात मोठ्या एफने होती आणि फाइलचे नाव लहान एफने. आमच्या विंडोजला दोन्ही सारखेच, तिथल्या लिनक्सला ती दोन वेगळी नावे. ‘गिट एमव्ही’ने नाव सुधारले, मुळाशी नोडची आवृत्ती सांगणारी ‘एनव्हीएमआरसी’ फाइल ठेवली, आणि संध्याकाळी सहाच्या आत नवा नंबर दिसू लागला.

काकांनी लॅपटॉप फॉरमॅट करू का असे विचारले, तेव्हा मी आणखी आठवडाभर थांबायला सांगितले. नोड १४ ची अधिकृत देखभाल एप्रिल २०२३ मध्येच संपलेली असल्याने डार्ट सास (सहकारिणीने सुचवलेले तेच साधे सास) आणि वेबपॅक ५ वर जाण्याचे अंदाजपत्रक मी त्याच रात्री ग्राहकाला पाठवले. त्यांचे उत्तर आले की संकेतस्थळ तर व्यवस्थित चालते आहे, तेव्हा हा खर्च पुढच्या आर्थिक वर्षात पाहू.