रविवारची गोळी

"तोंड लय आलंय डाक्टर, घास गिळवंना."

मंगळवार, आमच्या तालुक्याच्या गावचा बाजाराचा दिवस. बाहेर बाकडी भरलेली. तोंड आलं की बी-कॉम्प्लेक्स आणि लावायला जेल हा आपल्याकडचा ठरलेला उपाय, तीन मिनिटांत पेशंट बाहेर. पण बॅटरीच्या उजेडात दिसलं ते वेगळं होतं. ओठांची आतली बाजू, गाल, जिभेच्या कडा, सगळं सोलवटलेलं आणि वर पांढरट थर. ताप 101. आजींचं वय 67. मधुमेह आणि रक्तदाबासाठी त्या बारा वर्षं माझ्याकडे येतात, पण मधले तीन महिने पुण्याला मुलाकडे होत्या. तेवढ्या काळाचं माझ्या फाइलीत काहीच नव्हतं.

अशा वेळी मी औषधांची नावं विचारत नाही, अख्खी पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगतो. पेशंट "बीपीची, साखरेची, हाडाची" एवढंच सांगू शकतो. चिठ्ठीवर दिसतं ते डॉक्टरनं लिहिलेलं. पोटात काय गेलं हे पट्टीच सांगते. आजींच्या पिशवीतून सात पट्ट्या निघाल्या. त्यात दोन पिवळ्या गोळ्यांच्या होत्या, एक फॉलिक अ‍ॅसिड 5 मिलिग्रॅम आणि दुसरी मेथोट्रेक्सेट 7.5 मिलिग्रॅम. मेथोट्रेक्सेटच्या पट्टीवर पेननं 1-0-0, म्हणजे सकाळी एक, लिहिलेलं. दहापैकी नऊ खाचा रिकाम्या. सोबतच्या बिलावरची तारीख नऊ दिवसांपूर्वीची.

"ही कशी घेता, आजी?"

"रोज सकाळी, चा घेतला की."

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजचा डोस दिसायला लहान असला तरी आठवड्याच्या एका मोठ्या डोसापेक्षा जास्त घातक ठरतो. नव्या पेशी तयार व्हायला फोलेट हे जीवनसत्त्व लागतं, आणि हे औषध पेशींना ते वापरू देत नाही. तोंडाचं अस्तर आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा इथल्या पेशी सतत नव्यानं तयार होत असतात, त्यांना मधले सहा दिवस सावरायला लागतात. नऊ दिवसांत 67.5 मिलिग्रॅम गेलं होतं आणि सावरायला एकही दिवस मिळाला नव्हता.

पुण्याची चिठ्ठी आजींच्या पिशवीत होती आणि बरोबर होती. इंग्रजीत औषधाचं नाव आणि पुढे दोन अक्षरं, 'ओ डब्ल्यू', म्हणजे आठवड्यातून एकदा. घाईच्या अक्षरात ते 'ओ डी' म्हणजे रोज एकदा असं वाचलं जाऊ शकतं, आणि इथे तसंच वाचलं गेलं. मग पुण्यात सहा आठवडे काहीच कसं झालं नाही? सूनबाईंना फोन लावल्यावर कळलं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना तोंडी समजावलं होतं, म्हणून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक रविवारभोवती गोल केला होता आणि त्या दिवशी स्वतः गोळी हातात द्यायच्या. आजी गावी आल्या, कॅलेंडर पुण्यातच राहिलं.

आणखी दोन दुवे निसटले होते. पाच दिवसांपूर्वी लघवीला जळजळ होते म्हणून गावातल्याच एका दवाखान्यातून कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक मिळालं होतं. तेही फोलेटच्याच वाटेत आडवं येतं आणि मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडातून नीट बाहेर पडू देत नाही. ही जोडी कधीच एकत्र द्यायची नसते. पण तिथे विचारलं गेलं ते "कशाची अ‍ॅलर्जी आहे का?" एवढंच, आणि अ‍ॅलर्जी नव्हती. दुसरा दुवा माझ्या स्वतःच्या कपाटातला. आजींचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा, तीन वर्षांत 1.0 वरून 1.2 आणि मग 1.4 वर गेलं होतं. 67 वर्षांच्या बाईत 1.4 म्हणजे ईजीएफआर, मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, 41 च्या आसपास. या मूत्रपिंडावर मेथोट्रेक्सेट द्यायचं तर डोस कमी ठेवून, वारंवार तपासून. पुण्याला जाताना मी त्यांना दोन महिन्यांची औषधं लिहून दिली होती, हे तीन आकडे दिले नव्हते. पुण्यात तपासणी झाली, पण एकच आकडा पाहून तो स्थिर आहे की चढतोय हे कोणालाच कळत नाही. ही चूक माझी, आणि ती मी पुण्याच्या डॉक्टरांना पत्रात तशीच लिहिली.

दोन तासांत रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन 8.9, पांढऱ्या पेशी 1,900, त्यात जंतूंशी लढणाऱ्या, न्यूट्रोफिल, 38 टक्के, म्हणजे प्रत्यक्षात 700 च्या थोड्या वर. प्लेटलेट 58,000. क्रिएटिनिन 2.1. इतक्या कमी पेशींवर ताप असणं म्हणजे तास मोजायची वेळ. 108 ला फोन करण्याआधी जिल्ह्याच्या रुग्णालयात फोन करून एकच प्रश्न विचारला, "फॉलिनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन आहे का?" नाव जवळपास सारखं असल्यानं इथे घोटाळा होतो. साधं फॉलिक अ‍ॅसिड या विषबाधेवर चालत नाही, कारण ते कामाला लावणारं एन्झाइमच मेथोट्रेक्सेटनं अडवलेलं असतं. फॉलिनिक अ‍ॅसिड त्या अडथळ्याला वळसा घालून जातं. तालुक्याच्या दुकानात ते सहसा नसतं. तिथे ते आहे हे कळल्यावरच गाडी बोलावली.

गाडी येईपर्यंत पत्र लिहिलं. पाठवणीच्या पत्राचा मायना "अधिक उपचारासाठी पाठवत आहे" असा असला की रात्रपाळीचा डॉक्टर पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो आणि पेशंट म्हणतो, "तोंड आलंय." म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं: मेथोट्रेक्सेट 7.5 मिलिग्रॅम चुकून रोज, सलग 9 दिवस, शेवटची गोळी आज सकाळी 7 वाजता. न्यूट्रोफिल कमी, ताप आहे. फॉलिनिक अ‍ॅसिड लगेच हवं. त्याखाली आजचे आकडे आणि शेजारी जुने, तारखांसह. मग आज बंद केलेली औषधं आणि प्रत्येकाचं कारण: मेथोट्रेक्सेट, कोट्रायमोक्साझोल, दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक, आणि क्रिएटिनिनमुळे साखरेचं मेटफॉर्मिन. कारण लिहिलं नाही तर वॉर्डात कुणीतरी 'घरची औषधं चालू ठेवा' म्हणतो आणि मेटफॉर्मिन परत सुरू होतं. पट्टीचा फोटो मी पाठवला, पण आजींना विचारून, थेट ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, आणि नंतर फोनमधून काढून टाकला. 'आमच्या फॅमिली ग्रुपवर टाका' म्हणणाऱ्या मुलाला नाही म्हटलं.

आजी पुण्याहून का परतल्या याची घरगुती हकिगत त्यांनी मला सांगितली होती. ती पत्रात गेली नाही. गेलं ते एवढंच: घरी गोळ्या द्यायला कुणी नाही, वाचता येत नाही. उपचाराला तेवढं पुरतं.

नवव्या दिवशी त्या घरी आल्या. पांढऱ्या पेशी 4,200, प्लेटलेट 1,40,000, तोंडातल्या जखमा भरलेल्या. डिस्चार्ज कार्डावर 'मेथोट्रेक्सेट बंद' होतं. काही दिवसांपुरतं की कायमचं, रक्त पुन्हा कधी तपासायचं, मेटफॉर्मिनचं काय, हे नव्हतं. अशी रिकामी जागा आपल्या अंदाजानं भरू नये. वॉर्डात फोन केला, दहा मिनिटं गेली, तिन्ही उत्तरं मिळाली. फोनवर बोललेल्या दोघांची नावं, वेळ आणि उत्तरं फाइलीत लिहिली. सरकारी 'आभा' या डिजिटल आरोग्य खात्यात दोन्ही ठिकाणचे कागद जोडलेले असते तर पेशंटच्या संमतीनं हे समोर दिसलं असतं. पण एका टोकाला जरी जोडणी नसेल तरी तिथे कोरं पानच उघडतं, म्हणून फोन आणि कागद मी सोडत नाही. कागद मागायला संकोच करायचंही कारण नाही. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार पेशंटनं नोंदी मागितल्या की 72 तासांत द्याव्या लागतात.

कार्डाची प्रत आणि तीन वर्षांचे क्रिएटिनिनचे आकडे पुण्याला पाठवले. पत्र पाठवून मी थांबलो नाही, 'मिळालं, वाचलं' असं उत्तर येईपर्यंत नोंद उघडी ठेवली. तिसऱ्या दिवशी फोन आला. मेथोट्रेक्सेट पुन्हा द्यायचं नाही असं ठरलं. त्याऐवजी संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन 200 मिलिग्रॅम रोज एक, वजन 48 किलो असल्यानं त्याहून जास्त नाही, आणि सुरुवातीलाच डोळ्यांचा पडदा तपासायचा. रक्त कुणी पाहायचं हेही तेव्हाच ठरलं: मी, महिन्याला, आणि आकडा त्यांना कळवायचा.

आता माझ्याकडे मेथोट्रेक्सेट घेणारे जे पेशंट आहेत त्यांच्या चिठ्ठीवर मराठीत वार लिहिलेला असतो: 'फक्त रविवारी. इतर दिवशी नाही.' चार आठवड्यांच्या चारच गोळ्या लिहितो आणि मेडिकलवाल्यांना पट्टी अशी कापायला सांगितलंय की औषधाचं नाव आणि मुदत पेशंटच्या तुकड्यावर राहील. बाहेरगावी जाणाऱ्याला जाड कागदाचं कार्ड देतो. त्यावर चालू औषधं, बंद केलेली औषधं कारणासकट, आणि क्रिएटिनिनचे शेवटचे तीन आकडे तारखांसह.

आजींचं कार्ड त्यांच्या गोळ्यांच्या पिशवीतच असतं. गेल्या खेपेला आल्या तेव्हा मी मागायच्या आधीच त्यांनी ते टेबलावर ठेवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यावर स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली होती: पडदा ठीक, पुढची तपासणी बारा महिन्यांनी.