गाडीच्या दाराचं लॉक जाम झालंय? तेलाची बाटली आधी बाजूला ठेवा

रिमोट आल्यापासून दाराच्या लॉकात किल्ली घालतंय कोण. मग कधीतरी बॅटरी उतरते, सेंट्रल लॉक मेलं, बॉनेटचा खटका गाडीच्या आत, आणि आत जायचा रस्ता म्हणजे ड्रायव्हरच्या दाराचं लॉक (डाव्या दाराला तर बऱ्याच गाड्यांत आता किल्लीचं भोकच देत नाहीत), तेच नेमकं जाम! चिपळूणला मामाच्या गाडीचं हेच झालं, अख्खा पावसाळा अंगणात झाकून होती.

आत काय असतं तर पितळेच्या पातळ पट्ट्या, मेकॅनिक त्यांना वेफर म्हणतात, आणि प्रत्येकीला इवलीशी स्प्रिंग. बरोबर किल्ली गेली की सगळ्या पट्ट्या आत ओढल्या जातात आणि सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो लॉकचा गोल गाभा, फिरतो, एक जरी बाहेर राहिली तरी संपलं. कोकणातली लाल माती आणि दमट हवा, त्यात मामाने वर्षानुवर्षं ओतलेलं खोबरेल! ते थंडीत गोठतं आणि एरवी धूळ धरून ठेवतं, म्हणजे दोन्हीकडून मार.

आम्ही डब्ल्यूडी-४० (जाम झालेलं मोकळं करायचा स्प्रे) ची बारीक नळी भोकावरची झडप ढकलून आत घातली, भरपूर फवारलं, मग किल्ली नुसती आत-बाहेर, प्रत्येक वेळी फडक्याला पुसून. काळाकुट्ट राडा निघाला. तो निघेपर्यंत फिरवायची घाई नाही आणि किल्लीला पक्कड तर अजिबात लावायची नाही, तुकडा आत राहिला की खेळ खलास. रोजची किल्ली झिजलेली असते म्हणून कपाटातली स्पेअर काढली, आणि तिनेच फिरलं. नंतर पूर्ण सुकल्यावर ग्रॅफाइट पावडर. नसेल तर ६बी पेन्सिल किल्लीवर घासा, चालतं. पण ओल्यात ग्रॅफाइट नको, लगदा होतो.

किल्ली फिरतेय पण दार उघडत नाही, तर मात्र सिलिंडरला उगाच छळू नका. बहुतेक सिलिंडरला दाराच्या खटक्याशी जोडणाऱ्या मागच्या सळईची प्लॅस्टिक क्लिप सुटलेली असते. त्यासाठी दाराचं आतलं पॅनल काढावं लागतं, काच वर करून ठेवा, आणि आत चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद फाडू नका, पावसाचं पाणी तोच अडवतो.

सिलिंडरच बदलायची वेळ आली तर नव्याबरोबर वेगळी किल्ली येते, मग दाराची एक, इग्निशनची एक. चांगला किल्लीवाला जुन्या किल्लीप्रमाणे पट्ट्या लावून देतो, आधी त्याला विचारा.