काळ्या बेदाण्याला गिऱ्हाईक शोधताना: माझा अनुभव

तासगाव-सांगलीच्या सौद्यात, म्हणजे बेदाण्याच्या लिलावात, हिरवा आणि पिवळा बेदाणा भाव खातो, काळा पडलेला मागं राहतो. वाळवण रेंगाळली, डिपिंग ऑइल (द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून लावायचं तेल) घडाला सगळीकडं लागलं नाही किंवा अवकाळीची ओल शेडमध्ये शिरली, की मणी काळवंडतो. चव फारशी बिघडत नाही, नजर बिघडते.

या मालाला वेगळं गिऱ्हाईक शोधायला निवड-पॅकिंग युनिटात मी 6-3-5 ही कल्पना काढायची पद्धत वापरली. बर्न्ड रोरबाख यांनी ती 1968 मध्ये मांडली. 6 माणसं बसतात, प्रत्येकजण 5 मिनिटांत आपल्या कागदावर 3 कल्पना लिहितो आणि कागद शेजाऱ्याकडं सरकवतो. 6 फेऱ्यांत 108 रकाने भरतात. बोलायचं अजिबात नाही.

खरा वेळ द्यायचा तो प्रश्नाला. ‘विक्री कशी वाढवायची’ असं विचारलं की ‘जाहिरात करा’, ‘भाव उतरवा’ एवढंच हाती लागतं. आम्ही कागदाच्या माथ्यावर लिहिलं: ‘ज्याला बेदाण्याचा रंग बघायची गरजच नाही, असा कोण?’

माणसं सगळी ऑफिसातली नकोत. निवडीवरच्या दोन मावशी, हिशेबनीस, टेम्पोवाला, अडत्याचा माणूस आणि एक बेकरीवाला असा मेळ बसतो. मालकानं बाहेर थांबावं, हे माझं स्पष्ट मत; तो समोर असला की सगळे त्याला आवडेल तेच लिहितात. ज्यांना लिहायचा सराव नाही त्यांच्याजवळ लिहिणारा द्यावा, पण त्यानं त्यांचं वाक्य ‘सुधारू’ नये. तिसऱ्या फेरीपासून वरचं वाचण्यातच वेळ जातो, म्हणून 7-8 मिनिटं द्यावीत. नाहीतर लोक वरचंच खाली उतरवतात. प्रत्येक फेरीत निदान एक कल्पना वरच्या ओळीला पुढं नेणारी हवी, हा नियम आधीच सांगायचा. शेवटच्या फेऱ्यांत विचित्र काहीबाही येतं, ते खोडायचं नाही.

कल्पनांची निवड हात वर करून घेतली तर सगळे पहिल्या हाताकडं बघतात. त्यापेक्षा प्रत्येकानं आवडलेल्या कल्पनांपुढं गुपचूप तीन ठिपके द्यावेत. मग दोनच चाळण्या: आहे त्या यंत्रावर जमेल का, आणि 15 किलोच्या एका बॉक्सवर करून बघता येईल का?

द्राक्षासव बनवणारे, लाडूसाठी बेदाण्याची पेस्ट, बेकरीसाठी चिरलेला बेदाणा, असं बरंच निघालं. चिरलेला माल या चाळण्यांतून उतरला, पण त्यात खाचाखोचा आहेत. बेदाणा उबदार असला तर पात्याला चिकटतो. कोल्ड स्टोअरेजमधून काढून गार असतानाच चिरावा. नंतर गोळे होऊ नयेत म्हणून किलोला साधारण 5 ग्रॅम खाद्यतेल चोळावं. चिरण्याआधी देठ आणि खडे पुन्हा निवडावेच लागतात, कारण केकमध्ये एक देठ सापडला तरी बेकरीवाला सगळा माल परत पाठवतो. गंधकाची धुरी दिलेली असेल तर तेही त्याला आधी सांगायचं, लेबलचा प्रश्न असतो.

भाव ठरवताना चिरणावळ, दुसऱ्यांदा निवडल्याची मजुरी, घट आणि पिशवी धरून येणारी रक्कम त्या दिवशीच्या सौद्याच्या दराशी ताडून बघायची. फरक उरत नसेल तर तो बॉक्स सरळ सौद्याला लावायचा.