ग्रांफू ते काझाचे नाले आणि परतल्यावर जिप्सीचं डिफरन्शियल ऑइल

पुणे ते मनाली हे अंतर दोन हजार किलोमीटरच्या घरात जातं, पण एवढ्या हायवेने जिप्सीच्या डिफरन्शियलला (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवरचा, इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा दातेरी चाकांचा संच) काही होत नाही. त्याची परीक्षा ग्रांफूनंतर. अटल बोगदा (९.०२ किमी) ओलांडून उजवीकडे कोकसर, तिथून वर ग्रांफू, आणि मग छत्रू, छोटा दर्रा, बाटल असा चंद्रा नदीच्या कडेने सुमारे ५० किलोमीटरचा दगडगोट्यांचा रस्ता. बाटलनंतर कुंझुम खिंडीचा चढ (४,५५१ मीटर), पलीकडे स्पिती खोऱ्यातलं लोसर आणि शेवटी काझा. पेट्रोल मनालीत गळ्यापर्यंत भरून घ्यायचं, कारण या वाटेवर पुढचा पंप थेट काझ्याला आहे. जिप्सीची टाकी ४० लिटरची; पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या या रस्त्यावर ॲव्हरेज किती पडतं ते जिप्सीवाल्यांना सांगायला नको. चंद्रताल सरोवराला जायचं असेल तर जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर जादा धरा आणि एक कॅन सोबत ठेवा.

वाटेतले नाले हिमनद्यांच्या पाण्याचे. ऊन चढलं की बर्फ वितळतो, दुपारनंतर पाणी वाढत जातं, आणि सकाळी पोटरीपर्यंत असलेला नाला चारच्या सुमारास मांडीला लागतो. म्हणून मनालीतून पहाटे निघून छत्रू ते बाटलचा टप्पा दुपारच्या आत संपवावा. पुढचे फ्री-व्हील हब (फोर-व्हीलसाठी पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे, हाताने फिरवायचे) ग्रांफूलाच लॉक करून टाका. नाल्याच्या मध्ये गाडी अडकल्यावर बर्फाच्या पाण्यात हात घालून हब फिरवण्यात काही मजा नाही.

आता मुद्द्याचं. चढ चढून आलेलं मागचं डिफरन्शियल हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते थेट बर्फाच्या पाण्यात गेलं की हौसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) आतली हवा झटकन आकसते आणि आत ओढ तयार होते. ब्रीदर (हौसिंगमधली हवा आत-बाहेर जाण्याचं छोटं तोंड) मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर त्यातून हवा येते. तो चिखलाने बुजलेला असेल, तर तीच ओढ पिनियनच्या (शाफ्टच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाच्या) आणि ॲक्सलच्या ऑइल सीलच्या ओठांवर पडते आणि तिथून पाणी आत शिरतं. सील आतलं तेल अडवण्यासाठी केलेलं असतं, बाहेरचं पाणी रोखणं हे त्याचं काम नव्हे. ब्रीदर मोकळा पण पाण्याखाली असेल, तर मग पाण्याला राजमार्गच मिळाला. त्यामुळे मोठ्या नाल्याआधी दहा-पंधरा मिनिटं गाडी उभी करा. पाणी किती आहे ते चालत जाऊन पाहायचंच असतं, तेवढ्यात डिफरन्शियलही निवतं.

काझ्याला पोचल्यावर रात्रभर गाडी सपाट जागी उभी ठेवा. तेलात शिरलेलं मोकळं पाणी तळाला बसतं. सकाळी गाडी हलवण्याआधी तळाचा ड्रेन प्लग पूर्ण न काढता फक्त सैल करा आणि पहिले चार थेंब तळहातावर घ्या. स्वच्छ तेल आलं तर प्लग आवळा आणि निघा. आधी पाणी आलं, तर तेल दिसेपर्यंत ते जाऊ द्या. तेलच दुधाळ झालं असेल तर पाणी त्यात घुसळलं गेलंय, थेंब काढून भागणार नाही. ते तिथेच बदलायचं. यासाठी चार लिटर तेल गाडीत असलेलं बरं. घरी नेऊन बघू म्हणत दोन हजार किलोमीटर दुधाळ तेलावर चालवलेली गाडी क्राऊन-पिनियनच्या (मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांच्या जोडीच्या) बेअरिंगचं बिल घेऊन येते.

तेल दुधाळ नसलं तरी एवढे नाले झाल्यावर घरी आल्या-आल्या ते बदलायचंच, किलोमीटर कितीही झालेले असोत. जिप्सीला मागे १.५ लिटर आणि पुढे २ लिटर लागतं, म्हणजे साडेतीन लिटर. ग्रेड ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९०, आणि डब्यावर जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा) असलंच पाहिजे. क्राऊन-पिनियनचे दात हायपॉइड, एकमेकांवर घसरत फिरणारे, त्यांना त्यातली ईपी (प्रचंड दाबाखाली दात वाचवणारी) रसायनं लागतातच. उरलेलं तेल मात्र गिअरबॉक्समध्ये ओतू नका. तिथे जीएल-४ चालतं. जीएल-५ मधली काही रसायनं सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) पितळी रिंगांना बाधतात. गॅरेजवाले सवयीने ‘एकशेचाळीस नंबर’, म्हणजे ८५डब्ल्यू-१४०, सुचवतात. घाटावरच्या उन्हाळ्यात ते खपून जाईल, पण स्पितीच्या सकाळी नको. थंडीत तेल किती घट्ट होतं याची ८५डब्ल्यूची चाचणी उणे १२ अंशांवर होते, ८०डब्ल्यूची उणे २६ वर आणि ७५डब्ल्यूची उणे ४० वर. ऑक्टोबरच्या पहाटे काझ्याला हा फरक पहिल्या किलोमीटरलाच जाणवतो.

कामाला बसण्याआधी दहा-बारा किलोमीटर फिरून या. कोमट तेल पातळ होतं आणि तळाची घाणही सोबत घेऊन बाहेर पडतं. सोसायटीच्या पार्किंगचा उतार डोळ्याला दिसत नाही, तेव्हा बाटलीत पाणी घालून आडवी ठेवा आणि बघा. जिप्सी एवढी उंच आहे की खाली सरकायला जॅकची गरज पडत नाही, आणि जॅक लावूही नये. एक बाजू उचलली की तेलाची पातळी खोटी दिसते. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. विटेवर विसंबू नका, ती दाबाखाली फुटते.

भरायचा प्लग हौसिंगच्या अंगावर, काढायचा तळाला. दोन्हींभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशने साफ करा आणि आधी भरायचा प्लग उघडा. हा क्रम चुकवू नका. तळाचा प्लग उघडून तेल काढलं आणि मग वरचा निघालाच नाही, तर रिकाम्या डिफरन्शियलची गाडी गॅरेजपर्यंतही नेता येत नाही. प्लगच्या खाचेत नेमका बसणारा पाना किंवा गोटी आधी जुळवून बघा. खाचेत वाळलेला चिखल असेल तर तो खिळ्याने उकरून काढा, नाहीतर पाना अर्धाच बसतो आणि कडा गोल करून टाकतो. प्लग हलत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा, प्लगच्या डोक्यावर हातोडीचे दोन-चार सरळ ठोके द्या, आधी किंचित आवळण्याच्या दिशेने आणि मग उलटं फिरवा. पान्याला लांब पाइप लावून जोर करायला हरकत नाही, फक्त झटके नकोत.

पाच लिटरचा रिकामा कॅन आडवा कापला की तेल धरायला पुरेसं भांडं होतं. ड्रेन प्लग शेवटच्या आट्यांवर आत दाबत फिरवा आणि एकदम बाजूला घ्या, म्हणजे धार कोपरापर्यंत येणार नाही. वीस मिनिटं निथळू द्या. मग तेल वाचायचं. काळं तेल म्हणजे फक्त जुनं तेल. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी. भांड्यातून चुंबक फिरवून बघा: चुंबकाला करडी, बोटात विरघळणारी पेस्ट लागली तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारी कणी किंवा चकचकीत पापुद्रा निघाला तर बेअरिंग नाहीतर दात गेलाय. नवं तेल घालून त्याचा आवाज काही दिवस दबेल, इतकंच.

पाणी निघालं असेल तर एका बदलावर थांबू नका. दुधाळ तेलाचा काही भाग ॲक्सलच्या नळ्यांत पडून राहतो आणि ड्रेन प्लगमधून येत नाही. त्याच ग्रेडचं स्वस्त तेल भरा, हब लॉक करून मातीच्या रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये आठ-दहा किलोमीटर हळू फिरवा, ते काढा आणि मग चांगलं तेल घाला. डिझेल किंवा रॉकेलने धुण्याची युक्ती अनेक जण सांगतात. आमचं मत विरुद्ध आहे: तेही नळ्यांतच राहतं आणि नवं तेल पातळ करतं.

तळाचा प्लग साफ करून बसवा. वॉशर असेल तर नवा, नसेल तर आट्यांवर थ्रेड सीलंट; पहिला आटा कोरडा ठेवा म्हणजे सीलंट आत पडत नाही. भरण्यासाठी हातपंप उत्तम. तो नसेल तर दीड मीटर पारदर्शक पाइप चाकाच्या वरून खाली घ्या, वर फनेल लावा. तेलाचा डबा आधी गरम पाण्यात ठेवला तर काम निम्म्या वेळात होतं. भोकातून तेल ओघळायला लागलं की थांबा, दहा मिनिटांनी पुन्हा बघा, कारण तेल नळ्यांकडे सरकून पातळी थोडी उतरते. किती गेलं त्याचा हिशेब ठेवा. मागे एक लिटरातच ओघळलं तर गाडी तिरकी आहे किंवा जुनं तेल नीट निघालेलं नाही. गाडी तिरकी करून जास्त भरण्याचा मोह नको, ते सीलमधून निघून मागच्या ब्रेक शूवर जातं.

पुढच्या ॲक्सलकडे सगळेच दुर्लक्ष करतात. हब मोकळे आणि गाडी टू-व्हीलमध्ये असली की पुढचं क्राऊन-पिनियन फिरतच नाही. पाणी शिरलेलं असेल तर ते महिनोन्‌महिने तिथेच बसून बेअरिंगला गंज चढवतं, आणि आवाजही येत नाही. म्हणून वेळ कमी असेल तर आधी पुढचं उघडा. स्टीअरिंगच्या नकलचा (पुढचं चाक वळवणाऱ्या सांध्याचा) गोळा बाहेरून पातळ तेलाने माखलेला दिसला, तर आतलं ॲक्सल सील गेलंय आणि डिफरन्शियलचं तेल नकलच्या ग्रीसमध्ये मिसळतंय. हे तेल बदलून सुटत नाही, नकल उघडून सील बदलावं लागतं. गाडीखाली आहातच तर प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसच्या निपलांना नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत पंप करा.

शेवटी ब्रीदर. तो काढून फुंकर मारा. हवा गेली नाही तर साफ करा किंवा बदला. मूळ जागी तो ॲक्सलवरच असल्याने नाल्यात बुडणारच. त्याला फ्युएल पाइप जोडून पुढचा इंजिनरूमच्या वरच्या भागात आणि मागचा बॉडीच्या आत उंच न्या, टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर लावा. पाइपचं माप घ्यायला ब्रीदर खिशात घालूनच दुकानात जा. चाक पूर्ण लटकल्यावर पाइप ताणला जाऊ नये इतका सैल ठेवा, आणि सायलेन्सरपासून लांब.

वीस-पंचवीस किलोमीटर चालवून दोन्ही प्लग कोरडे आहेत का ते बघा. जुनं तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी नको. ओळखीच्या गॅरेजच्या जुन्या तेलाच्या बॅरलमध्ये द्या.